तपासून घेतलेलं कार्ड

ग्राफिक्स कार्ड विकत घेताना माणसं ते आपल्या कॉम्प्युटरवर चालेल ना, याची खात्री करून घेतात. या गोष्टीतला जावई मात्र ते चालणार नाही ना, याची खात्री करून घेत होता. आणि तीही अगदी मन लावून. दुकानदाराने काउंटरवर तीन खोकी मांडली. पहिली दोन त्याने बाजूला सारली, कारण ती सासरेबुवांच्या मशीनवर सुखाने चालली असती. तिसऱ्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाईक स्वतःसाठीच घेतंय.

"मदरबोर्ड जुना असेल तर आधी बघून घ्या हं साहेब," दुकानदार म्हणाला. "नाहीतर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीन मात्र काळाच्या काळा. मग आमच्या नावाने ओरडू नका."

"बघितलंय," जावई म्हणाला. "सगळं नीट बघितलंय. चांगल्या कागदात बांधून द्या, भेट द्यायचंय."

सासरा आणि जावई यांच्यात कुरबुरी कुठे नसतात? पण इथलं प्रकरण कुरबुरीच्या फार पुढे गेलेलं होतं, आणि त्याचं मूळ सासरेबुवांच्या जिभेत होतं. सासरेबुवा निवृत्त व्हायच्या आधी लिफ्ट तपासणारे अधिकारी होते. उंच उंच इमारतींच्या डोक्यावर चढून तारा, चाकं, ब्रेक बघायचे आणि ही लिफ्ट चालेल, ही चालणार नाही, असा शेरा द्यायचा. एकदा दिलेला शेरा आपण जन्मात मागे घेतला नाही, हे ते चहाच्या पहिल्या कपाला सांगत आणि दुसऱ्या कपाला पुन्हा सांगत. नोकरी संपली, लिफ्ट संपल्या, शेरे देण्याची हौस काही संपली नाही. मग शेजारीपाजारी, नातेवाईक, गल्लीतल्या मुलांच्या शाळेतल्या बाई, जो समोर येईल त्याला शेरा मिळू लागला.

जावयालाही मिळाला. फक्त त्याला तो वर्षभर ठाऊक नव्हता.

जावई एका कंपनीत कॉम्प्युटरची देखभाल करायचा. एका मोठ्या कारखान्यात त्याच कामाच्या प्रमुखाची जागा निघाली, मुलाखत झाली, आणि ती इतकी छान झाली की मॅनेजरने उठून, टेबलाला वळसा घालून हात मिळवला. जावयाने घरी येऊन बायकोला उचलून गोल फिरवलं. त्यानंतर कारखान्यातून काहीच आलं नाही. महिनाभराने कळलं, जागा दुसऱ्याला दिली. का, ते कुणी सांगेना. जावई हिरमुसला, मग सावरला, मग नेहमीच्या रगाड्याला लागला. आणि वर्षाने एकदा सासरी चहा ओतता ओतता सासूबाई सहज बोलून गेल्या, "तुमच्या त्या नोकरीच्या वेळी मॅनेजरांचा ह्यांना फोन आला होता ना, तेव्हाच मी म्हटलं, असं कशाला सांगायचं? आपला माणूस आहे." बोलल्या आणि जीभ चावली. पण चहा सांडल्यावर किटली सरळ करून काय उपयोग.

मग सगळंच बाहेर आलं. मॅनेजर हा सासरेबुवांचा जुना दोस्त. त्याने विश्वासाने विचारलं, तुमचा जावई कसा आहे कामाला? सासरेबुवांनी शेरा दिला, "मुलगा हुशार आहे. पण तपासून काम करत नाही." एवढंच. याला आधार काय, तर जावयाने आणि मेहुण्याने मिळून भिंतीवर टीव्ही टांगला होता आणि तो आठवड्याने एका बाजूने निसटून खाली आला होता. निसटलेली बाजू मेहुण्याची होती. त्याला मॅच बघायची घाई होती आणि त्याने भिंतीत स्क्रू धरून ठेवणारा गट्टू न घालताच स्क्रू पिळले होते. पण मुलगा तो मुलगा आणि जावई तो जावई.

सासरेबुवांनी त्याला आळशी म्हटलं असतं, चेंगट म्हटलं असतं, चोर म्हटलं असतं तरी त्याने एकवेळ गिळलं असतं. पण तपासून काम करत नाही? कुलूप लावून तीन जिने उतरल्यावर परत वर जाऊन कडी ओढून बघणारा माणूस तो. ऑफिसात त्याची या गोष्टीवरून थट्टा व्हायची आणि तो ती थट्टा पदकासारखी मिरवायचा. त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय मिरवायला? नेमकं तेच या म्हाताऱ्याने एका वाक्यात पुसून टाकलं होतं, तेही दुसऱ्याच्या पापासाठी.

बायको त्याच्या बाजूने उभी राहिली, हे सांगायलाच हवं. ती थेट वडिलांच्या समोर गेली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याचं नुकसान केलंत. त्याच्यासारखा सरळ माणूस मला दाखवा." सासरेबुवा म्हणाले, "मला विचारलं, मी सांगितलं. शेरा तो शेरा." त्यावर ती कित्येक महिने माहेरी गेली नाही. आईशी फोनवर बोलायची आणि वडिलांचा आवाज आला की फोन ठेवायची.

जावई मात्र शांत होता. माफी त्याला नको होती. माफी मागून माणूस मोकळा होतो, आणि सासरेबुवांना मोकळं करायची त्याला मुळीच घाई नव्हती. त्याला एक वाक्य ऐकायचं होतं. सासरेबुवांच्या तोंडून, सासरेबुवांच्या आवाजात: मला जमत नाही, तुम्ही बघा. जन्मात कुणापुढे हात न टेकलेल्या त्या माणसाने आपल्यापुढे हात टेकावेत, बस्स. अंघोळ करताना, गाडी चालवताना, ऑफिसात दुसऱ्याच्या टेबलाखाली वायरी जोडताना तो ते वाक्य मनात घोळवायचा आणि स्वतःशीच हसायचा.

संधी सासरेबुवांनीच आणून दिली. निवृत्तीनंतर त्यांना विमान उडवण्याचं वेड लागलं होतं. खरं विमान नव्हे, कॉम्प्युटरवरचं. पण खऱ्याच्या वरताण. त्यांच्यासारखेच सात-आठ निवृत्त मित्र दर रविवारी सकाळी आपापल्या घरून एकत्र उडायचे आणि सासरेबुवा त्यांचे कप्तान. ते कानाला हेडफोन लावून हुकूम सोडत आणि बाकीचे मुकाट्याने वळत. कॉम्प्युटर त्यांनी स्वतः सुटे भाग आणून जोडला होता. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे, सासूबाईंनी फडकं मारलेलंही नाही. फक्त अलीकडे ग्राफिक्स कार्ड जुनं झालं होतं आणि विमान ढगात शिरलं की चित्र अडकायचं. "ढग अडकतात हो," असं ते भेटेल त्याला सांगत.

जावयाने ते ऐकलं आणि कामाला लागला. सासरेबुवांचा मदरबोर्ड कुठला हे त्याला माहीत होतं. कार्ड बनवणाऱ्याचं आणि बोर्ड बनवणाऱ्याचं, दोघांचंही म्हणणं त्याने शब्द न् शब्द वाचून काढलं. बोर्डाच्या पोटात एक छोटा मूळ प्रोग्रॅम असतो, बायोस म्हणतात त्याला. मशीन चालू झालं की आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. सासरेबुवांच्या बोर्डातला बायोस जुना होता. हे नवं कार्ड त्याच्या ओळखीचंच नव्हतं, त्यामुळे तो त्याला उठवणारच नव्हता. उपाय सोपा होता, नवा बायोस चढवायचा. पण तो चढवायला समोर चित्र दिसायला हवं. चित्र नव्या कार्डावर येणार नव्हतं, आणि त्या प्रोसेसरला कार्डाशिवाय चित्र दाखवताच येत नव्हतं. म्हणजे चित्र यायला बायोस हवा आणि बायोस चढवायला चित्र हवं. या कोंडीतून बाहेर काढणारी वस्तू एकच होती, ती म्हणजे सासरेबुवांचं जुनं कार्ड. ते तेवढं तिथून हलवलं की झालं. जावयाने हे सगळं तीनदा पडताळून पाहिलं. चौथ्यांदा नुसतं मजा म्हणून पाहिलं.

सासरेबुवांच्या सत्तरीला सगळे जमले. वाढदिवस म्हणून बायकोही आली, घुश्शातच, पण आली. जावयाने खोकं पुढे केलं. कागद सुटला आणि सासरेबुवांचे डोळे लहान मुलासारखे चमकले. त्या माणसाने जावयाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली.

"एवढं भारी कशाला आणलंत जावईबापू?"

"तुमचे ढग अडकत होते ना बाबा."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत एवढा अभिमान होता की दुसरा कुणी असता तर तिथेच विरघळला असता. जावई विरघळला नाही. त्याचं सगळं लक्ष सासरेबुवांच्या हातांकडे होतं.

"मी बसवून देऊ का?" त्याने मुद्दाम विचारलं.

"छे! माझं मशीन आहे, मीच बसवणार," सासरेबुवा म्हणाले, आणि सगळ्यांसमोर टेबलावरच कॉम्प्युटर आडवा घेतला. झाकण काढलं, हात आधी लोखंडाला लावून अंगातली वीज उतरवली, स्क्रू वाटीत ठेवले, जुनं कार्ड अलगद उपसून बाजूला ठेवलं. काम कसं करावं तर असं, हे जावयालाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

"हे जुनं मी घेऊन जातो," तो म्हणाला. "इथे उगाच धूळ खात पडेल."

"न्या, न्या," सासरेबुवा मान वर न करता म्हणाले.

नवं कार्ड बसलं. झाकण लागलं. सासरेबुवांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि बटण दाबलं. पंखे फिरले, निळे दिवे लागले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. स्क्रीन काळा. आतून एक लांब शिट्टी आली आणि दोन आखूड. सासरेबुवांनी बंद करून परत चालू केलं. एक लांब, दोन आखूड. टाळ्या वाजवणारे हात हळूहळू आपापल्या खिशात गेले. मेहुणा म्हणाला, "बाबा, उलटं तर नाही ना बसवलं?" आणि कुणीतरी हसलं.

"उलटं बसतच नाही ते," सासरेबुवा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

जावयाला आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या. तोंडावर त्याने काळजी धरून ठेवली होती. "बघू का मी जरा?"

"नको. मी बसवलंय ना, मीच चालू करीन."

त्या दिवसापासून जावयाचे सुखाचे दिवस सुरू झाले. बायको आता आईशी रोज बोलायची आणि संध्याकाळी भांडी आवरताना सगळी हकीकत सांगायची. जावई ती हकीकत एखाद्या मालिकेसारखी ऐकायचा. आज बाबांनी कार्ड काढून परत बसवलं. आज खोडरबराने त्याचे दात घासले. आज शेजाऱ्यांचा स्क्रीन आणून लावून बघितला. आज सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या.

"मग?" तो विचारायचा.

"मग काय, काळाच."

"अरेरे," तो म्हणायचा आणि जेवायला वाढून घ्यायचा. आताशा त्याला भूक फार लागत होती.

दुकानात गेले असते तर सासरेबुवांचं काम चुटकीसरशी झालं असतं. पण ते जाणार नाहीत, यावर जावयाने पैज लावली असती. मी जोडलेलं मशीन दुकानात नेऊ? त्यापेक्षा ते तिन्ही त्रिकाळ त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून राहतील. आणि खरोखर बसून राहिले. रविवार आला. मित्रांनी फोन केला, कप्तान, उडायचं ना? सासरेबुवांनी पाठ दुखत असल्याचं सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी फोनच घेतला नाही. मित्रांनी दुसरा कप्तान नेमला, तात्पुरता म्हणून. तात्पुरते कप्तान कसे असतात ते सगळ्यांना माहीत आहे.

"बाबा आज विचारत होते," एका संध्याकाळी बायको म्हणाली, "त्यांचं जुनं कार्ड आहे का तुझ्याकडे? ते लावून बघायचं म्हणतात."

म्हाताऱ्याने बरोबर नस पकडली होती. जावयाने हातातला पेला खाली ठेवला. कार्ड त्याच्या कपाटात, ऑफिसच्या सदऱ्यांच्या मागे, कापडात गुंडाळून नीट ठेवलेलं होतं.

"ते तर मी भंगारात दिलं गं," तो म्हणाला. "सांगितलं असतं आधी तर ठेवलं असतं."

"असू दे, तुला काय माहीत," बायको म्हणाली. मग म्हणाली, "आई सांगत होती, ते हल्ली बोलतच नाहीत फारसं. परवा म्हणाले, माझ्याच हातून काहीतरी चुकलंय आणि ते मला सापडत नाहीये. मी म्हातारा झालो वाटतं. तू जाऊन बघ ना रे एकदा."

"त्यांनी बोलवलं तर जाईन. न बोलवता त्यांच्या मशीनला हात लावायची माझी काय टाप आहे?"

हे मात्र त्याने जरा जास्तच जोरात म्हटलं. आपल्याला वाईट वाटेल की काय, अशी त्याला क्षणभर भीती वाटली होती. त्याने टीव्ही आठवला, फोन आठवला, टेबलाला वळसा घालून आलेला मॅनेजरचा हात आठवला. मग पुन्हा मस्त राग आला आणि त्याला बरं वाटलं.

आणि एके दिवशी ऑफिसात असताना फोन वाजला. सासरेबुवा जावयाला कधी स्वतःहून फोन करत नसत. तो उठून जिन्यात गेला, दार लोटून घेतलं आणि फोन कानाला लावला.

"जावईबापू." "ते मशीन... मला जमत नाही. तुम्ही बघा."

इतके महिने मनात घोळवलेलं वाक्य, जसंच्या तसं! जावयाने डोळे मिटून घेतले. कुणालाही एवढं पुरलं असतं. त्याला पुरलं नाही.

"बाबा, आवाज तुटतोय," तो म्हणाला. "परत सांगता?"

आवाज अजिबात तुटत नव्हता. सासरेबुवांनी ते परत सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून, कमी ऐकू येणाऱ्या माणसाला सांगावं तसं. स्वतः त्यांनाच हल्ली कमी ऐकू यायचं.

"येतो रविवारी," जावई म्हणाला. संध्याकाळी घरी जाताना तो शीळ घालत होता.

रविवारी तो बायकोला घेऊन गेला. बॅगेत पेनड्राइव्हवर नवा बायोस होता, आणि तळाशी कापडात गुंडाळलेलं जुनं कार्ड. सासरेबुवा दाढी न करता बसले होते. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची जावयाला दिली. त्या खुर्चीवर आजवर घरातलं दुसरं कुणी बसलेलं नव्हतं.

"मला जरा एकट्याला बसू द्या," जावई म्हणाला. "कुणी बघत असलं की माझं लक्ष लागत नाही."

"बसा, बसा," सासरेबुवा म्हणाले आणि दार ओढून घेऊन बाहेर गेले. तपासणीच्या वेळी स्वतः त्यांनाही बघे खपत नसत.

जावयाने झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. वायरी दोऱ्याने बांधलेल्या, नवं कार्ड चोख बसवलेलं, स्क्रू हवे तेवढेच पिळलेले. त्याने सवयीने एकेक जोड चाचपून पाहिला. चूक कुठेही नव्हती. ज्या माणसाला आपलं कुठे चुकलं ते सापडत नव्हतं, त्याचं काही चुकलंच नव्हतं, आणि हे जगात फक्त जावयाला माहीत होतं. त्याला जराशी लाज वाटली, नाही असं नाही. मग त्याने जुनं कार्ड लावलं, चित्र आलं, नवा बायोस चढला, जुनं कार्ड परत बॅगेत गेलं, नवं जागेवर बसलं. बटण दाबलं. आतून शिट्टी आली नाही. विमान सुरू केलं, तर स्क्रीनवर निळंभोर आभाळ उघडलं आणि त्यातून ढग असे सरकले की त्याचा त्यालाच हेवा वाटला.

"या बाबा," त्याने हाक मारली.

सासरेबुवा आले, बघतच राहिले. सासूबाईंनी हात जोडले. बायकोने नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"काय झालं होतं?" सासरेबुवांनी विचारलं.

"बोर्डातला बायोस जुना होता. त्याला हे कार्ड ओळखता येत नव्हतं. नवा चढवला."

"पण चित्र नसताना कसा चढवला?"

"असते एक युक्ती," जावई म्हणाला.

सासरेबुवांनी मान हलवली, पुन्हा हलवली. मग खुर्चीचा आधार घेत म्हणाले, "म्हणजे माझं बसवणं बरोबर होतं."

"एकदम बरोबर होतं बाबा."

"मला वाटलं होतं, माझं डोकं चाललं आता." ते हसले आणि त्यांनी डोळे पुसले. पुसत असल्याचं लपवलंही नाही. "जावईबापू, मी तुमच्याबद्दल एक शेरा दिला होता. चुकीचा दिला होता. आजवर शेरा मागे घेतला नाही, हा घेतो."

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन उचलून कारखान्याच्या मॅनेजरला लावला. कमी ऐकू येत असल्याने स्पीकर चालू केला. नमस्कार-चमत्कार झाले. सासरेबुवा म्हणाले, "मागे तुम्ही मला जावयाबद्दल विचारलं होतं. मी म्हटलं होतं, तपासून काम करत नाही. ते साफ चूक होतं. महिनाभर मी ज्याच्यापुढे डोकं फोडत होतो, ते त्यांनी चहा व्हायच्या आत मोकळं केलं."

"योग बघा," मॅनेजरचा आवाज खोलीभर घुमला. "तेव्हा घेतलेला माणूस मागच्या आठवड्यातच सोडून गेला. आहेत का जावई तिथे?"

बायकोने तोंडावर हात दाबून धरला. जावई पुढे झाला. वाक्य मिळालं होतं, शेरा मागे घेतला गेला होता आणि आता ती जागाही चालून आली होती. सूड एवढं व्याज देतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मॅनेजरने काय बिघाड होता ते विचारलं, त्याने थोडक्यात आणि चोख सांगितलं.

"उत्तम. आणि ते कार्ड निवडलं कुणी?"

"त्यांनीच!" सासरेबुवा मध्येच अभिमानाने म्हणाले. "माझ्या सत्तरीला."

"अच्छा," मॅनेजर म्हणाला. "मग एक विचारतो, राग मानू नका. आमच्याकडे सारखं नवीन सामान येतं. घ्यायच्या आधी ते आपल्या बोर्डांशी जुळतं का हे बघायचं, हेच या जागेचं पहिलं काम. हे कार्ड घेताना तुम्ही बघितलं नव्हतं का? का घाईत राहून गेलं? घरच्या कामात होतं असं."

आवाजात हसू होतं. राहून गेलं, एवढे दोन शब्द म्हटले असते तर तो विषय तिथेच मिटणार होता. जावयालाही ते कळत होतं. त्याने तोंड उघडलंही.

"राहिलं असेल हो," सासरेबुवा त्याच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. "एवढ्या प्रेमाने आणलं, तेव्हा एवढं कुठे तपासत बसणार माणूस!"

तो हात पाठीवर पडला आणि जावयाच्या डोक्यात काहीतरी पेटलं. पुन्हा तेच! पुन्हा हाच माणूस, ह्याच मॅनेजरला, माझ्याच तोंडावर सांगतोय की मी तपासत नाही!

"नाही," तो म्हणाला. "तपासलं होतं. बोर्ड, बायोस, प्रोसेसर, सगळं तीनदा तपासलं होतं. तपासल्याशिवाय मी काही घेत नाही."

बोलून झालं.

"म्हणजे," मॅनेजरने सावकाश विचारलं, "हे चालणार नाही, हे तुम्हाला घेतानाच माहीत होतं?"

पाठीवरचा हात आधी हलका झाला, मग उचलला गेला. सासूबाईंना काही कळलं नव्हतं, त्या अजून हसतच होत्या. सासरेबुवा लिफ्ट बघायचे तसे जावयाकडे वरपासून खालपर्यंत बघत होते, कुठेही न थांबता, काहीही न सोडता. मग त्यांनी स्पीकर बंद केला आणि फोन चांगल्या कानाला लावला.

"नाही, मी आत्ता सांगितलं तेच खरं," ते म्हणाले. "तपासून काम करतो तो. फार तपासून करतो. बाकी तुम्ही ठरवा." आणि त्यांनी फोन ठेवला.

जावयाने बॅग खांद्याला अडकवली. "चल, निघू या," तो बायकोला म्हणाला.

ती वडिलांच्या खुर्चीजवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. "तू हो पुढे," ती म्हणाली.